एकाच रिव्हॉल्वरवर दोन कामं?

प्रश्न: पत्रलेखक नाशिकचे, गंगापूर रोडला राहणारे, वय एक्केचाळीस. द्राक्षांचा व्यापार आहे. हंगामात दिंडोरी, निफाडच्या बागांतून माल उचलतात, पिंपळगाव बसवंतला पॅकिंग होतं, आणि रात्री उशिरा रोकड घेऊन घरी परतायची वेळ बऱ्याचदा येते. ओळखीच्या एका व्यापाऱ्याला रस्त्यात अडवून लुटलं, तेव्हापासून मनात धास्ती आहे. स्वसंरक्षणासाठी एका हत्याराचा परवाना नुकताच मंजूर झाला आहे. ते लिहितात: ‘शर्टाखाली कळणारही नाही असं लहानात लहान रिव्हॉल्वर घ्यायचं आहे. परदेशातल्या प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धांचे व्हिडिओ बघतो, आपणही ते करावं असं वाटतं. एवढे पैसे घालायचे तर एकाच हत्यारात दोन्ही भागलं पाहिजे. दुकानदार म्हणतो, छोटंच घ्या. बायको म्हणते, घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, हे नकोच. कोणाचं ऐकू?’

उत्तर: दोघांचंही ऐका, पण दुकानदाराचं जरा कमी.

आधी स्पर्धेचं बोलू, कारण तिथला हिशोब सरळ आहे. तुम्ही बघता त्या स्पर्धा बहुतेक आयपीएससी या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेच्या पद्धतीच्या असतात. होल्स्टरमधून, म्हणजे पट्ट्याला लावलेल्या म्यानातून, हत्यार काढायचं, पळत-वळत वेगवेगळ्या अंतरावरची टार्गेट्स मारायची, वेळ आणि नेम दोन्हींचे गुण. या पद्धतीच्या रिव्हॉल्वर गटात गोळी किमान ९ मिमी जाडीची लागते आणि ‘पॉवर फॅक्टर’ किमान १२० तरी भरावा लागतो. गोळीचं वजन ग्रेन या बारीक एककात, वेग सेकंदाला फुटांत, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार म्हणजे पॉवर फॅक्टर. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या रिव्हॉल्वरचं नेहमीचं काडतूस म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग (पुढे नुसतं .३२). गोळी ९८ ग्रेनची, वेग सातशे फुटांच्या आसपास. गुणाकार करून बघा, सत्तरच्या पुढे जात नाही. उलट ९ मिमी हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचा आतला व्यास) आहे, सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ते मिळत नाही. म्हणजे त्या स्पर्धेला जे लागतं ते तुम्हाला सहजासहजी घेता येत नाही, आणि जे घेता येतं ते त्या स्पर्धेत चालत नाही. शिवाय अशा मोठ्या सामन्यात शंभर-दीडशेच्या वर राउंड सहज उडतात, सरावाचे वेगळेच. तुमच्या परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं ते लिहिलेलं असेल. तो आकडा एकदा बघा, म्हणजे हा विषय आपोआप मिटेल.

मग .३२ ची स्पर्धाच नाही का? आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्टल (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसतो ते सेंटर फायर) हा जुना, प्रतिष्ठित प्रकार आहे आणि .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे त्यातलं जगभर वापरलं जाणारं काडतूस. तीस शॉट प्रिसिजनचे, पाच-पाचच्या मालिकेत, प्रत्येक मालिकेला पाच मिनिटं. पुढचे तीस रॅपिडचे, म्हणजे टार्गेट तीन सेकंद समोर आणि सात सेकंद आड, दर वेळी एकच गोळी. नियमाच्या कागदावर तीन इंची रिव्हॉल्वर यात बसतंही. पण बसणं वेगळं आणि टिकणं वेगळं.

का ते आकड्यांत सांगतो. छोट्या रिव्हॉल्वरची पुढची आणि मागची साइट (नेम धरायची खूण) यांच्यातलं अंतर १२ सेंटिमीटर धरू. स्पर्धेच्या पिस्तुलात हे अंतर २२ सेंटिमीटरपर्यंत चालतं. हाताच्या थरथरीने साइट एक मिलिमीटर जरी सरकली, तरी छोट्या हत्याराची गोळी २५ मीटरवर २० सेंटिमीटरहून जास्त भरकटते, स्पर्धेच्या पिस्तुलाची साडेअकराच्या आत. प्रिसिजनच्या टार्गेटवर पहिल्याला दोन गुण पडतील, दुसऱ्याला सहा. चूक तेवढीच, शिक्षा दुप्पट. त्यात खिशातल्या रिव्हॉल्वरची साइट ठोकून बसवलेली असते, स्क्रू फिरवून डावी-उजवी करता येत नाही. गोळ्या डावीकडे पडतात म्हटलं, तर आयुष्यभर उजवीकडे धरायचं.

नेमबाजीची हौस खरी असेल तर तिला वेगळी वाट द्या. १० मीटर एअर पिस्तूलपासून सुरू करा. ४.५ मिमी बोअरचं, २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल विकत घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही, छऱ्यांचा खर्च किरकोळ, आणि घरातल्या हॉलमध्येही सुरक्षित भिंत धरून कोरडा (छरा न घालता) सराव करता येतो. ट्रिगर अर्धा किलोचा. साइट, श्वास, ट्रिगर यांचं गणित इथे बसतं तसं .३२ वर कधीच बसणार नाही, कारण तिथे प्रत्येक शॉटला काडतूस मोजावं लागतं. एक-दोन वर्षं जिल्हा-राज्य पातळीवर खेळलात, तर पुढे क्लबच्या .२२ पिस्तुलावर २५ मीटर. आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. आत्ता एक घेताय, म्हणजे दुसरी जागा अजून रिकामी आहे. ती खेळासाठी राखून ठेवा. त्यासाठी पुन्हा अर्ज करताना स्पर्धांची प्रमाणपत्रं कामाला येतील.

आता कमरेच्या हत्याराकडे. तुम्ही ‘लहानात लहान’ म्हणता, त्यामागे दोन कल्पना आहेत: लहान असेल तर लपेल, आणि लहान असेल तर हाताळायला सोपं. पहिली थोडीशी खरी आहे. दुसरी अगदी उलटी.

लपण्याचं म्हणाल तर तो तुमच्या हौसेचा प्रश्नच नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा बॅगेसारख्या वस्तूत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या पक्क्या ताब्यात असली पाहिजे. कमरेला उघडं लटकवून लग्नात फिरणारे दिसतात, ते नियम मोडत असतात. काढून दाखवलंत किंवा हवेत उडवलंत तर परवाना तर जातोच, वर २०१९ पासून अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा झाकायचं तर आहेच. पण साडेसतरा-अठरा सेंटिमीटर लांबीचं रिव्हॉल्वर चांगल्या होल्स्टरमध्ये, न खोचलेल्या शर्टाखाली आरामात झाकलं जातं. त्याहून लहान करून मिळतं फार थोडं, जातं मात्र बरंच.

काय जातं ते बघा. रिव्हॉल्वरचा डबल अ‍ॅक्शन ट्रिगर, म्हणजे हॅमर (ठोका मारणारा घोडा) हाताने न ताणता सरळ ओढायचा ट्रिगर, साधारण पाच-सहा किलोचा असतो. हत्यार पाऊण किलोचं असेल तर बोटाची ओढ त्याच्या वजनाच्या आठपट होते. अर्धा किलोचं असेल तर बारापट. पाव किलोचं असेल तर विचारूच नका. ओढताना नळी खाली-डावीकडे जाते ती याच कारणाने. हलकं हत्यार अनुभवी हाताला चालतं, नवख्याला नाही. आणि नवखेच ते आधी घेतात.

दुकानात तुमच्यापुढे काय काय येईल? परदेशी जे-फ्रेमची (स्मिथ अँड वेसनच्या छोट्या रिव्हॉल्वरची) स्वप्नं सोडा. खासगी आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे, नावाजलेल्या नेमबाजांना काय ती सूट. जुन्या आयात झालेल्या बंदुका हातोहात फिरतात त्या अवाच्या सवा भावाने, आणि त्यांचे सुटे भाग कुठे मिळतील हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. राहिली मुख्यतः कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२. जुना नमुना वेबली धर्तीचा, मधून मोडून उघडणारा, सहा गोळ्यांचा, तीन इंची नळीचा, सातशे ग्रॅमच्या आसपास. ‘निर्भीक’ हा २०१४ साली आलेला टायटॅनियम मिश्रधातूचा नमुना, पाचशे ग्रॅमच्या घरातला. तो महिलांसाठी म्हणून गाजला, पण वर सांगितलेला ट्रिगरचा हिशोब त्यालाही चुकत नाही. ‘निडर’ इच्छापूर कारखान्याचा .२२, जेमतेम पाव किलो, आठ गोळ्या. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला ‘प्रबल’: .३२, नळी ७६ मिमी, रिकामं वजन ६७५ ग्रॅम, सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं चाक) बाजूला उघडणारा.

‘निडर’ बघून तुमचा जीव भाळेल, कारण तळहातात मावतो. पण .२२ चं काडतूस रिमफायर असतं. त्याची दारू पेटवायला कडेवर जोराचा ठोका लागतो, म्हणून एवढ्याशा हत्यारालाही ट्रिगर जडच ठेवावा लागतो. काडतूस न पेटण्याचं प्रमाणही सेंटर फायरपेक्षा जास्त. शिवाय रिमफायरमध्ये रिकामं ‘टकटक’ करून सराव करू नये, फायरिंग पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) कडेवर आपटून तिला खड्डा पाडते. म्हणजे स्वस्तातला सरावही गेला.

माझा कौल तीन इंची, पोलादी, सहा गोळ्यांच्या .३२ ला, आणि त्यातही हाताला पटला तर बाजूला उघडणाऱ्याला. मधून मोडणाऱ्या नमुन्याचं कौतुकही आहे: एका झटक्यात सहाही पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची टरफलं) बाहेर. पण तो झटका पूर्ण पाहिजे. हळू उघडलं की एखादी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळ्या वर उचलणाऱ्या, चांदणीखाली घसरते आणि हत्यार ना उघडं ना मिटलेलं राहतं. आणि वरची पकड वर्षानुवर्षांत झिजते, म्हणून असा नमुना जुना घेताना मिटवून नळी वर-खाली हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर ठेवून द्या. बाजूला उघडणाऱ्यात पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करून रॉड तळव्याने एकदाच, जोरात दाबायचा. बोटाने हळूहळू दाबलं की पुंगळ्या अर्ध्यावर अडकतात, आणि दारूची न जळलेली कणी चांदणीखाली जाऊन बसते. मग सिलिंडर जड फिरतो, आणि लोक म्हणतात हत्यार खराब निघालं. जुना टूथब्रश फिरवला तर दोन मिनिटांचं काम असतं.

खरेदीच्या दिवशी घाई करू नका. एकाच नमुन्याचे दोन-तीन नग काढायला लावा, नगानगात फरक असतो. उघडा, सहाही चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने रिकामे असल्याची खात्री करा, मगच पुढे. हॅमर अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सिलिंडरवर हलका टेकवून त्याला किंचित अडवा. हॅमर पूर्ण ताणला जाईपर्यंत सिलिंडर ‘कट्’ करून जागेवर बसलाच पाहिजे, आणि हे सहाही चेंबरला करायचं. पाच ठिकाणी बसला आणि सहाव्याला अंगठ्याने अडला, तर तो नग नाही. तिथे गोळी नळीच्या तोंडाशी सरळ येणार नाही आणि शिशाचे कण बाजूने उडतील. मग हॅमर ताणलेला ठेवून मागून अंगठ्याने ढकला, ट्रिगरला हात न लावता. पडता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने मोजा, गॅरेजवाल्याकडे असते ती पत्ती. ०.१५ ते ०.२५ मिमी ठीक. नळीच्या तोंडाशी पांढरा कागद धरून उजेडात आतून बघा. आणि शेवटी फ्रेमवरचा नंबर, बिलावरचा नंबर, परवान्यावर चढणारा नंबर, तिन्ही एक-एक आकडा बोट ठेवून जुळवा. एक आकडा चुकला तर तो दुरुस्त करायला हेलपाटे घालाल.

ग्रिप कशी बघायची? हात नीट बसवल्यावर पहिल्या बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे, मनगट न वळवता. दुकानदाराकडे डमी काडतुसं असतील तर ती घालून, सुरक्षित भिंतीकडे नळी करून पुढच्या साइटवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि ट्रिगर पूर्ण ओढा. नाणं पडलं तर पुन्हा. दहापैकी सहा-सातदा नाणं राहतंय असं ज्या हत्यारावर वाटेल, ते तुमचं. हाच सराव मग घरी रोज पंधरा-वीसदा, खऱ्या काडतुसांना दुसऱ्या खोलीत कुलूप घालून.

किंमत विचारताना कर धरून विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलांवर जीएसटी ४० टक्के झाला आहे, कारखान्याचा जुना भाव ऐकून जाल तर दुकानात दचकाल. होल्स्टरला मात्र हात आखडू नका. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं, वरून पट्टी असलेलं, हत्यार काढल्यावरही तोंड उघडं राहणारं कडक होल्स्टर आणि चांगला जाड पट्टा. मऊ कापडी होल्स्टर परत घालताना आत दुमडतं आणि ट्रिगरमध्ये अडकतं. जागा उजव्या कमरेवर, थोडी मागे. पाठीच्या कण्यावर नको, पडलात तर मणक्याला लागेल. स्कूटरची डिकी, गाडीचा ग्लोव्ह बॉक्स ही जागाच नाही, तिथे ते तुमच्या ताब्यात नसतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात घामाने चामडं भिजतं आणि त्यातल्या खाराने पोलादावर तांबूस ठिपके येतात, म्हणून घरी आल्यावर होल्स्टरमधून काढून पुसायचं, तेलाचा हलका हात फिरवायचा. चामड्यात ठेवून पावसाळा काढला तर गणपतीपर्यंत गंज धरलेला असेल.

हॅमर आणि काडतूस यांच्यामध्ये आडवा येणारा सेफ्टी ब्लॉक त्या नमुन्यात आहे का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर हॅमरखालचा चेंबर रिकामा ठेवून पाचच भरा. ट्रिगर ओढला की सिलिंडर फिरून भरलेला चेंबर समोर येतो, त्यामुळे वेळेला काही अडत नाही.

सरावात कधी ‘फुस्स’ असा बारीक आवाज आला, धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. मागून दुसरी मारली की नळी फुगते. रिकामं करून नळीतून काठी घालून बघा. ट्रिगर ओढूनही काहीच झालं नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद मोजा, मग उघडा. आणि सराव परवानाधारक रेंजवरच, शेतात नाही. बांधावर बाटल्या फोडणं हा गुन्हा आहे, मग ती बाग तुमच्या मालकीची का असेना.

आता वहिनींचं म्हणणं. त्या ‘नकोच’ म्हणतात तेव्हा त्या हत्याराविरुद्ध बोलत नाहीत, कपाटातल्या साड्यांखालच्या हत्याराविरुद्ध बोलताहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. परवान्याच्या अर्जासोबत सुरक्षित ठेवण्याची हमी तुम्ही लिहून दिली आहे. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने बसवलेली पोलादी तिजोरी रिव्हॉल्वर घेण्याच्या आधी बसवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. नंबर मुलाच्या वाढदिवसाचा नको, तो त्याला पहिल्या प्रयत्नात सापडेल. मुलापासून गोष्ट लपवूही नका. नऊ वर्षांच्या पोराला घरात काय आहे ते कळतंच. त्याला सांगा: दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं.

आणि मुळात रोकड. तुम्हाला भीती आहे ती रात्रीच्या रस्त्याची आणि पिशवीतल्या पैशांची. रिव्हॉल्वर या दोन्हींपैकी काहीच कमी करत नाही. दोन मोटरसायकली आडव्या आल्या, तुम्ही स्टिअरिंगवर, सीटबेल्ट लावलेला, हत्यार पट्ट्याखाली दबलेलं: ते बाहेर काढायच्या आत काच फुटलेली असते. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं बचावाचा हक्क देतात, दरोड्यासारख्या प्रसंगी तर बराच देतात, पण बचावाला लागेल तेवढंच बळ ही मर्यादा कायम आहे. पिशवी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत, तर पुढची वर्षं द्राक्षं राहतील बाजूला आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतील. बागायतदाराला एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही, प्राप्तिकर कायदाच तसा आहे. मग मोठे हिशोब आरटीजीएसने करा, मजुरीपुरती रोख दिवसाउजेडी काढा, परतीचे रस्ते आणि वेळा बदलत्या ठेवा, सोबत माणूस घ्या. हे आधी करा, हत्यार त्यानंतर. कदाचित एक हंगाम असा गेला की तुम्हालाच घाई वाटणार नाही.

घेतलंतच, तर परवान्यावर दिलेल्या मुदतीत घ्या, परवाना शाखेत दाखवून नोंद करा. निवडणुकीत जमा करायला सांगितलं तर पोलीस ठाण्याची पावती जपून ठेवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरात आणि ग्रामीण भागात वेगवेगळे शस्त्रबंदीचे आदेश निघतात. गंगापूर रोडवरून पिंपळगावला जाताना तुम्ही आयुक्तालयाची हद्द ओलांडून ग्रामीणमध्ये शिरता, तेव्हा दोन्हींकडचे आदेश बघायला हवेत. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्या काळात तर निघण्याआधी रोजच चौकशी करा, आणि शंका असेल त्या दिवशी ते तिजोरीतच राहू द्या.